हमालांच्या पाठीशी संघटनेचे बळ

बाजारपेठेत धान्याची, गुळाची, मिरचीची पोती पाठीवरून वाहून नेणारा हमाल नेमका कोणाचा नोकर, हा प्रश्न वर्षानुवर्षे अनुत्तरित होता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर आणि सायंकाळी मालमोटारीवर राबणाऱ्या या श्रमिकाचे नाव कोणत्याही व्यापाऱ्याच्या हजेरीपटावर नसे. पाठ वाकली की रोजगार संपे. रजा, भविष्य निर्वाह निधी वा उपदान यांचा विचारही संभवत नसे. मालक अनेक, म्हणून जबाबदार कोणीच नाही, अशी ही अवस्था होती.

पंचायतीची स्थापना

या अवस्थेतून मार्ग काढण्यासाठी डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९५५ साली पुण्यात हमाल पंचायत स्थापन झाली. एकट्या हमालाने दर वाढवून मागितल्यास त्याच्या जागी दुसरा बोलावणे व्यापाऱ्यास सहज शक्य असे. सर्वांनी मिळून एकच दर मागितला म्हणजे वाटाघाटीस बसणे भाग पडते. संघटनेचे पहिले सामर्थ्य हेच होय.

कायद्याचे कवच

मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. कामगारांच्या या चळवळीचे फलित म्हणजे महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९. या कायद्यान्वये स्थापन होणाऱ्या मंडळावर मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असतात. शासनाचेही प्रतिनिधी असतात. नोंदित मालकाने मजुरी व तिच्यावरील ठराविक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरावयाची असते. मंडळ कामगारास मजुरी देते आणि लेव्हीच्या रकमेतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा, वैद्यकीय साहाय्य आदींची तरतूद करते. त्यामुळे दिवसभरात मालक कितीही बदलले, तरी कामगाराची नोंद एकाच ठिकाणी अखंड राहते.

दरापलीकडचे कार्य

मजुरी वाढली तरी ती सावकाराच्या व्याजात गेल्यास संसार सावरत नाही. हे ओळखून पंचायतीने हमालांची पतसंस्था उभी केली. घरापासून दूर राबणाऱ्या श्रमिकास स्वस्त व सकस अन्न मिळावे, या हेतूने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू झाला. घरबांधणीकडेही पंचायतीने लक्ष पुरविले.

ओझ्याचा प्रश्न त्याहून बिकट होता. १०० किलोचे पोते वाहणे ही बाजारातील नित्याची बाब होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोची मर्यादा शिफारशीत नमूद केली. याच विषयावरील त्या वर्षीच्या करारास भारताने २०१० साली मान्यता दिली. पोते ५० किलोचेच असावे, ही हमालांची मागणी मणक्याच्या आयुष्याशी निगडित होती.

नोंदणीचे महत्त्व

या सर्व संरक्षणाची किल्ली नोंदणीत आहे. मंडळाकडे नोंद नसलेल्या हमालाच्या नावे निधी जमा होत नाही आणि वार्धक्यात त्याच्या हाती काही उरत नाही. कायदा कागदावर हक्क देतो. तो हक्क गाळ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम संघटनेस करावे लागते. बाजाराच्या कोपऱ्यात उभा असलेला अखेरचा हमाल जेव्हा नोंदवहीत येईल, तेव्हाच हे कार्य पूर्णत्वास जाईल.