टिंबांची दाटी

आईने चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ धरला आणि टिंबांच्या एका पुंजक्यावर बोट ठेवून विचारलं, "इथे पाऊस फार पडतो ना गं?"

पाऊस किती, हे त्या नकाशात नव्हतंच. रंग दाखवत होते तो अतिवृष्टीच्या दिवसांत झालेला बदल. टिंबं सांगत होती की तो बदल संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरतो. (निकाल अजून छापून यायचे आहेत, तेव्हा कुठे वाढ आणि कुठे घट ते इथे सांगत नाही.) पण आईने जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. टिंब पद्धतीच्या नकाशात एक टिंब म्हणजे अमुक इतकी माणसं, अमुक इतकी गुरं. टिंबं दाट तिथे माल जास्त. तिने माझा नकाशा अगदी नियमाला धरून वाचला होता.

भारतीय हवामान विभागाची पावसाची जी चौकटवार आकडेवारी आम्ही वापरतो, ती 1901 पासूनची आहे. अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची एक चौकट, म्हणजे आपल्याकडे साधारण 27 किलोमीटर. जाळी 135 उभ्या आणि 129 आडव्या ओळींची. समुद्र आणि शेजारी देश वगळले की जवळपास 5,000 चौकटी उरतात. संशोधनपत्रिकेचा एक स्तंभ 8 सेंटिमीटरच्या आसपास. भागाकार केला तर एका चौकटीच्या वाट्याला 0.6 मिलिमीटर येतं. मी आधी कसोटीला उतरलेल्या प्रत्येक चौकटीत एक टिंब दिलं. नकाशावर राख सांडल्यासारखं दिसलं, खालचे रंग गायब. मग एकाआड एक चौकट गाळून पाहिली, तर एकट्यादुकट्या चौकटी बिचाऱ्या हकनाक जायला लागल्या. कुठलं टिंब राहणार हे पाऊस ठरवत नव्हता, मी मोजायला कुठून सुरुवात केली यावर ते ठरत होतं.

दुसरी वाट म्हणजे चौकटींच्या नादी लागायचंच नाही. कसोटीच्या आकड्याचाच, म्हणजे पी-मूल्याचा, एक कंटूर काढायचा, 0.05 च्या आतला भाग नक्षीने भरायचा, बाहेरचा मोकळा सोडायचा आणि रंग काहीच द्यायचा नाही. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबला हे एका ओळीत सांगता येतं. टिंबं हवीत तर पूर्णविराम लिहायचा, तिरक्या रेघा हव्यात तर तिरकी रेघ. दाट हवं तर तेच चिन्ह पुन्हा लिहायचं. एका पूर्णविरामाला इंचात टिंबांच्या 6 ओळी, तिनांना 18.

इथे माझी एक अख्खी दुपार गेली. टिंबं दिसत नाहीत, असा संशोधनपत्रिकेच्या परीक्षकाचा शेरा होता. मी चिन्हं वाढवत गेले, तिनाची पाच केली, आणि टिंबं आणखीच दिसेनाशी झाली. ओळी जितक्या वाढतात त्याच प्रमाणात टिंबाची त्रिज्या घटते, हे मला ठाऊक नव्हतं. पाच चिन्हांना टिंबं उरतच नाहीत, करडी धूळ उरते. टिंब मोठं करायची सोय शोधली, तर ती नाहीच. मग उमगलं की टिंबाला कडेची रेघ असते आणि ती जाड केली की टिंब फुगतं. मुळात ती 1 पॉइंट असते. 1.6 केली, चिन्हं पुन्हा तीनवर आणली, आणि परीक्षकाला दिसेल असं काहीतरी उमटलं. आमच्या मॅडम एनसीएलवर वाढलेल्या. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राची ही संगणकभाषा. 2019 मध्ये केंद्राने पायथनकडे वळायचं ठरवलं. एनसीएलमध्ये 17 तयार नक्ष्या होत्या, सतरावी टिंबांची, आणि टिंबाचा आकार नि नक्षीची दाटी वेगवेगळी ठरवता यायची. माझी दुपार पाहून मॅडम एवढंच म्हणाल्या, "सतरा नंबर लावायचो, झालं!"

आणखी एक गोम आहे. ही नक्षी नकाशाच्या मापाने वाढत नाही, कागदाच्या मापाने चालते. कोकण म्हणजे या जाळीत दोन-तीन चौकटी रुंदीची पट्टी, छापील नकाशावर जेमतेम दीड मिलिमीटर. 18 ओळींच्या नक्षीत दोन ओळींमधलं अंतर 1.4 मिलिमीटर. म्हणजे कोकणच्या वाट्याला टिंबांची एक ओळ येणार की दोन, ते नशिबावर. नक्षी विरळ केली तर कोकण कोरडंच राहतं. तोच नकाशा सभेसाठी चौपट मोठा काढला की टिंबं तेवढीच राहतात आणि तीच पट्टी टिंबांनी गजबजून जाते. आकडे तेच, पण पाहणाऱ्याला वाटावं की मधल्या काळात आमची खात्री वाढली.

मला खरा पेच वाटतो तो वेगळाच. रंगावर टिंब पडलं की रंग गडद दिसतो, आणि गडद म्हणजे जास्त, असं डोळा आपोआप धरून चालतो. आईचं तेच झालं होतं. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालांतही ही नक्षी पालटत गेली आहे. 2007 च्या अहवालात 90 टक्क्यांहून अधिक हवामान प्रारूपांचं (मॉडेलांचं) बदलाच्या दिशेवर एकमत असेल तिथे टिंबं होती. 2013 मध्ये खात्रीला टिंबं आणि नैसर्गिक चढउतारांच्या मानाने बदल किरकोळ असेल तिथे तिरक्या रेघा, अशा दोन नक्ष्या एकाच नकाशावर आल्या. 2021 मध्ये बाजू उलटली: 80 टक्के प्रारूपांचं एकमत असेल तिथला रंग स्वच्छ सोडला आणि नसेल तिथे रेघा ओढल्या. मला हे पटतं. खात्रीच्या जागी रंग नीट दिसावा, अडथळा शंकेच्या जागी यावा.

शिवाय टिंबं आपण समजतो तितकी खात्रीची नसतात. डॅनियल विल्क्स यांनी 2016 मध्ये अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये याच सवयीवर बोट ठेवलं. 0.05 ची कसोटी लावायची म्हणजे कुठेच काही बदललेलं नसतानाही सरासरी 5 टक्के चौकटी पास होणार. माझ्या नकाशात त्या 250 च्या घरात. शिवाय शेजारच्या चौकटींचा पाऊस एकमेकांशी बांधलेला असतो, त्यामुळे खोटी टिंबंही विखुरत नाहीत, पुंजक्याने येतात आणि भलतीच खरी वाटतात. विल्क्स यांनी सुचवलेली कडक कसोटी लावली तेव्हा माझे दोन पुंजके पुसले गेले. त्यांतल्या एकावर मी एक परिच्छेद लिहून ठेवला होता.

टिंबं काढून टाकली. कसोटीला न उतरलेल्या भागावर तिरक्या रेघा ओढल्या, करड्या रंगात, आणि पुन्हा कागदावर छापून घरी नेला. आईने चष्मा वर सरकवला.

"हे का खोडलंस गं?"

खोडलं नाही, म्हटलं, इथलं अजून नक्की माहीत नाही, एवढंच. तिने कागद लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "मग इतकं जोरात कशाला?"

दुसऱ्या दिवशी रेघेची जाडी 0.4 केली.