चमत्कार, विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमरावती, अकोला, अचलपूर या भागात ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. चंगाईची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा झाल्याची, साक्ष त्यांना जिव्हाळ्याची वाटते आणि त्याच घरातली मुलं विज्ञान शिकून चमत्कारांबद्दल नेमके प्रश्न विचारतात. या प्रश्नांना भिण्याचं कारण नाही. आडवे येतात ते काही गैरसमज.

गैरसमज 1: नैसर्गिक कारण सापडलं की श्रद्धा कोसळते.

वस्तुस्थिती: इजिप्तमधून निघालेल्या इस्राएली लोकांना वाट मिळावी म्हणून परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवून समुद्र मागे हटवला, असं बायबलमधलं निर्गम हे पुस्तकच सांगतं (अध्याय 14). 2010 मध्ये कार्ल ड्रूज आणि वेइचिंग हान या अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकावर याचं गणित मांडलं. ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाचा वारा 12 तास वाहिला, तर नाईलच्या मुखाकडच्या उथळ पाण्यात काही तास वाट मोकळी होऊ शकते, असं त्यातून दिसलं. प्रसंग घडलाच, हे त्यामुळे सिद्ध होत नाही. पण वाऱ्याचं कारण कळल्याने देवावरचा विश्वासही खोटा ठरत नाही. वाट कशी पडू शकते हे विज्ञान सांगतं, तिच्यात देवाचा हात पाहणं हा श्रद्धेचा भाग.

गैरसमज 2: चर्च प्रत्येक चमत्कार डोळे झाकून मानतं.

वस्तुस्थिती: फ्रान्समधल्या लूर्द इथे बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. डॉक्टरांच्या कसोट्या पार करून चर्चची मान्यता मिळालेले चमत्कार आहेत सत्तरच्या आसपास. प्रभू येशूनेही दहा कुष्ठरोग्यांना स्वतःला याजकांना दाखवायला पाठवलं आणि वाटेतच ते बरे झाले (लूक 17); याजकांकडे पाठवलं, कारण त्या काळी अशा रोगाची तपासणी याजकच करत.

गैरसमज 3: चौकशी म्हणजे धर्माचा अपमान.

वस्तुस्थिती: मार्च 2012 मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागात क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून प्यायले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी पाहणी केली, तेव्हा तुंबलेल्या सांडपाण्याची ओल केशाकर्षणाने भिंतीत चढत असल्याचं त्यांनी दाखवलं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडावा लागला. खरं तर भाविकांना घाण पाण्यापासून सावध करणं, ही त्यांची सेवाच होती.

गैरसमज 4: जादूटोणाविरोधी कायदा प्रार्थनेवर बंदी घालतो.

वस्तुस्थिती: महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्याने प्रार्थना आणि दिवंगत संतांच्या चमत्कारकथा स्पष्टपणे वगळल्या आहेत. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा कमावणं, लोकांना फसवणं आणि दहशत घालणं, हा मात्र गुन्हा आहे. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच लागू होतो.

गैरसमज 5: विश्वास पक्का असेल तर औषध नको.

वस्तुस्थिती: बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती प्रार्थना कर, असं म्हटलं नाही. आपल्या वऱ्हाडात परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं ख्रिस्ती रुग्णालय कुष्ठरुग्णांची सेवा करत आलं आहे. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो आणि ही औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. येशूने ज्या रोगाच्या माणसांना स्पर्श केला, त्याच रोगाच्या आजच्या रुग्णांपर्यंत गोळी पोचवणं हे ख्रिस्ती प्रेमाचंच काम आहे.

म्हणून चंगाईसाठी प्रार्थना जरूर करा, साक्षही द्या. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.