स्वयंपाकघर नवे, धूर जुनाच

तुळशीचे लग्न लागले की सोलापुरात लग्नाच्या याद्यांबरोबर घराची दुरुस्तीही निघते. कार्य ठरलेल्या घरात पहिली नजर जाते ती स्वयंपाकघराकडे. शहाबादी फरशी खचलेली असते, कडप्प्याच्या ओट्याची कड उडालेली असते, भिंतीवर वीस वर्षांच्या फोडण्यांचा तेलकट थर असतो. गवंडी, बिगारी, टाइल्स, ट्रॉल्या असा हिशेब कागदावर मांडला की घरचे ठरवतात, निदान फोडाफोडी आणि रंग तरी आपणच करू. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले असतात, कटर मशीन भाड्याने मिळते. रविवारी सकाळी थोरला मुलगा, भाचा आणि शेजारचा मित्र मिळून ओटा फोडायला घेतात.

यात वावगे काही नाही. साखर पेठ असो की विडी घरकुल, इथली बरीच घरे अशीच हातांनी वाढत गेली आहेत. आधी एक खोली, मग पुढे पत्र्याची पडवी, मग जमेल तेव्हा स्लॅब. मात्र टाइलचा रंग कोणता घ्यायचा यावर घरात आठवडाभर खल होतो आणि फोडताना काय उडणार, नव्या खोलीतून धूर कुठून जाणार, ओटा किती उंच घ्यायचा, यावर दहा मिनिटेही कोणी बोलत नाही. आजारपण मात्र याच तीन गोष्टींतून येते.

गिरण्यांच्या या गावाला धूळ नवी नाही. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलच्या काळापासून सूत आणि कापूस सोलापूरकरांच्या छातीत गेला आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात सुट्टी संपवून कामावर गेले की त्या दिवशी छाती जास्त आवळते. दगडाची धूळ अशी लगेच ओळख देत नाही. खरा ग्रॅनाइट म्हणजे साधारण पाव ते एक तृतीयांश भाग क्वार्ट्झ, म्हणजेच स्फटिकी सिलिका. (काळा ग्रॅनाइट म्हणून बाजारात विकला जाणारा प्रत्येक दगड भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतो, हे वेगळे.) शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड असल्याने त्यांत सिलिका कमी. सध्या मॉड्युलर किचनसाठी जो कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झचा ओटा सुचवला जातो, त्यात सिलिकाचे प्रमाण 90 टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकते. असे ओटे कापणाऱ्या तरुण कारागिरांना फुप्फुसाचा सिलिकोसिस झाल्याचे स्पेन, इस्रायल आणि ऑस्ट्रेलियात दिसून आले. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदीच घातली.

मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणारे कटरचे पाते कोरड्या दगडावर टेकले की पांढरा लोट उठतो. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक नाकात आणि घशात अडते. धोका असतो तो न दिसणाऱ्या, चार मायक्रॉनपेक्षा लहान कणांचा. माणसाचा केस याच्या पंधरा-वीस पट जाड असतो. हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात, तिथल्या पेशी त्यांना गिळतात आणि मरतात, आणि त्या जागी व्रण धरतो. तो भरून येत नाही. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही कितीतरी वाढतो.

घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. घरच्या ओट्याचे चार दिवसांचे काम केल्याने घरमालकाला सिलिकोसिस होत नाही, त्याला वर्षांची धूळ लागते. तो होऊ शकतो फरशी कापायला येणाऱ्या कारागिराला, जो आज या घरी आणि उद्या त्या घरी तोंडाला रुमाल बांधून तेच काम करतो. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. घरमालकाने त्याला पाण्याची धार सोडून, खोलीबाहेर उघड्यावर कापायला सांगावे आणि कोविडच्या वेळी घेतले तसे चांगले एन-95 मास्क आणून द्यावेत. त्याचा खर्च एका टाइलच्या बॉक्सपेक्षा कमी येतो. घरातल्यांना त्या चार दिवसांत होतो तो दम्याचा झटका. दमेकरी, जुना खोकला असलेले आजोबा, क्षयाचे उपचार चालू असलेला रुग्ण, गरोदर सून आणि तान्हे मूल यांची रवानगी तेवढे दिवस नातेवाइकांकडे करणे सगळ्यात शहाणपणाचे. संध्याकाळी झाडू मारला की बसलेली धूळ पुन्हा हवेत चढते. आधी पाणी शिंपडावे, मग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

टाइल्सवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड आणतात आणि ते ओतून झाल्यावर आणखी चकाकी यावी म्हणून कोणी ब्लीचिंग पावडर टाकतो. या दोघांच्या मिश्रणातून क्लोरिन वायू निघतो. बंद खोलीत गुडघ्यावर बसून फरशी घासणाऱ्याच्या नाकाशीच तो असतो, कारण तो हवेपेक्षा जड आहे. ओले सिमेंटही साधे नव्हे. ते तीव्र अल्कली असते, त्यात तासभर अनवाणी उभे राहिले की आधी काही जाणवत नाही आणि रात्री तळव्यांची कातडी सोलते. गमबूट नसतील तर निदान प्लास्टिकचे बूट आणि रबरी मोजे हवेत.

स्वयंपाकघर मागच्या पडवीत असेल तर वर बहुधा नालीदार सिमेंटचा पत्रा असतो. त्यात सुमारे दहा टक्के ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शाबूत असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. हातोडीने फोडला किंवा कटरने कापला की ते मोकळे होतात. छातीच्या आवरणाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग त्यातून वीस ते चाळीस वर्षांनी उद्भवतो, म्हणून कोणी त्याचा संबंध एका रविवारच्या कामाशी जोडत नाही. साठहून अधिक देशांत यावर बंदी आहे, आपल्याकडे तो अजूनही दुकानात मिळतो. पत्रा काढायचाच असेल तर भरपूर पाणी मारून ओला करावा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवावा. तुकडे कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा रस्त्याचा खड्डा भरायला वापरू नयेत. आपल्याकडे नेमके तेच होते.

भिंतीच्या जुन्या ऑइलपेंटचेही तसेच. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत शिसे असण्याची शक्यता बरीच. कोरड्या पॉलिश पेपरने ते घासले की पूड जमिनीवर बसते आणि रांगणारे मूल ती हाताने तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल गिळलेले शिसे चार-पाच पट शोषून घेते. मेंदूला अपाय होणार नाही अशी शिशाची सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही. रंग ओला करून खरवडावा, पूड पिशवीत भरावी, किंवा रंग घट्ट असेल तर त्यावरच नवा हात द्यावा.

ओपन किचनच्या हौसेने मधली भिंत पाडण्याचे धाडस मात्र माळवदाच्या किंवा दगडी भिंतींच्या घरात अजिबात करू नये. तिथे खांब नसतात, भिंतीच छताचा भार घेतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या धक्क्याने सोलापूरही हलले होते. मातीच्या जोडाच्या दगडी भिंतींनी त्या दिवशी काय केले हे या भागात सांगायला नको. अभियंत्याला दाखवल्याशिवाय त्या भिंतीला छिन्नीही लावू नये.

गॅसचे थोडक्यात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर ट्रॉलीच्या बंद कप्प्यात ठेवायचा असेल तर त्या कप्प्याला तळाशी जाळी हवी. नळी पाच वर्षांनी बदलावी, भिंतीतून किंवा टाइलच्या मागून नेऊ नये. गळतीची तक्रार 1906 या क्रमांकावर करता येते. विजेच्या जुन्या वायरी तशाच ठेवून त्यांवर मिक्सर, ओव्हन आणि गिझर चढवू नये. मीटरजवळ 30 मिलिॲम्पिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्यावा, तोही फोडाफोडी सुरू होण्याआधी, कारण ओली फरशी आणि हातातला कटर ही जोडी वाईट.

सगळ्यात दुर्लक्षित विषय मात्र धूर. जुन्या माळवदाच्या घरात चुलीच्या वर छताला साणे असायचे. उजेड तिथून यायचा आणि धूर तिथून जायचा. पावसात त्यावर पालथी पाटी घालायची. स्लॅब पडला आणि साणे गेले. चूल गेली, गॅस आला, म्हणून धूरही गेला असा समज झाला. चुलीपेक्षा गॅस फार चांगला, यात शंका नाही. घरातल्या इंधनाच्या धुराने जगात 2020 मध्ये 32 लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात मुख्य वाटा लाकूड, शेणी आणि कोळशाचा. पण निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि तव्यावरच्या तेलातून, मिरचीच्या फोडणीतून, शेंगा भाजताना सूक्ष्म कण उडतात. सोलापुरी घरात कडक भाकरी एक-दोन होत नाहीत, चळत लागते, आणि मंद आचेवर ती वाळेपर्यंत शेगडी तासन्‌तास चालू असते. उन्हाळ्यात बाहेर 44 अंश असताना त्या खोलीत उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याला काय येते याची कल्पना पंख्याखाली जेवणाऱ्याला येत नाही. विड्या वळणाऱ्या घरांत त्याच खोलीत तंबाखूची पाटीही असते, म्हणजे धुराच्या जोडीला तंबाखूची धूळ.

नव्या आराखड्यात खिडकीच्या जागी कपाट येते आणि एक्झॉस्ट पंख्याचे भोक दिसायला बरे नाही म्हणून बुजवले जाते. मग महागडी चिमणी बसते. तिचा पाइप भिंतीबाहेर काढला नसेल तर ती तेल अडवते आणि उरलेली हवा, वायूंसकट, पुन्हा खोलीत सोडते. अशा बिनपाइपच्या चिमणीपेक्षा शेगडीच्या वर, छताजवळ बसवलेला साधा एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या बाजूला खाली ताजी हवा आत येण्याची वाट, हे अधिक उपयोगी. शेगडी पेटवण्याआधी पंखा लावावा आणि काम संपल्यावर दहा मिनिटे चालू ठेवावा.

उरली ओट्याची उंची. ती गवंडी ठरवतो आणि तो पुरुष असतो. ट्रॉलीवाल्याचे माप 34 ते 36 इंचांचे. महाराष्ट्रातील बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास, म्हणजे उभ्याने कोपर जमिनीपासून साधारण 37-38 इंचांवर. चिरणे, वाढणे अशा हलक्या कामाला ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा, म्हणजे 32-33 इंच. त्यात ओट्यावर शेगडी, शेगडीवर कढई. कढईची कड छातीपर्यंत येते आणि उलथणे धरलेला खांदा दिवसभर उचललेला राहतो. पीठ मळणे आणि भाकरी थापणे ही जोराची कामे. त्यांना अंगाचा भार वरून खाली यायला हवा, म्हणून जागा आणखी खाली, 28 ते 30 इंचांवर हवी. जमिनीवर परात घेऊन बसणारीला हा भार आपोआप मिळत होता. गुडघे गेले म्हणून ती उभी राहिली आणि आता खांदा आणि मान धरून बसते. "अगं, एवढ्या उंचावर भाकरी थापायची तरी कशी?" असे सासूबाई विचारतात, तेव्हा तो जुन्या वळणाचा हट्ट नसतो, ते अचूक निदान असते.

ओट्याचा दीड-दोन फुटांचा एक टप्पा खाली उतरवून घेतला तर हा प्रश्न सुटतो. गवंड्याला काम थोडे वाढते, तो कुरकुरेल. शेगडीसाठीही तसाच खोलगट टप्पा करता येतो. त्या घरात जी जास्त वेळ स्वयंपाक करते तिला, ती घरात चप्पल घालत असेल तर चपलेसकट, भिंतीशी उभे करावे, कोपर काटकोनात वाकवायला सांगावे आणि गवंड्याने पहिली वीट ठेवण्याआधी त्या जागी कोळशाने रेघ मारून घ्यावी.