गेकोडला नवी अट शिकवताना

मागच्या वेळी आपण म्हटलं, लायब्ररीत हवी ती अट नसेल तर ती आपणच लिहायची. आज लिहून बघू.

गेकोड ही सी प्लस प्लसमधली मुक्तस्रोत लायब्ररी. तिच्यात अट राबवतो ‘प्रोपगेटर’. त्याचं काम एकच: चलाच्या यादीतून अशक्य किमती खोडणं.

समजा, दोन रोबो-हात एकच भिंत रचतायत. मधल्या जागेत एका वेळी एकच हात मावतो. ‘अ’ने 0 ते 4 या मिनिटांत आत शिरायचं, काम 6 मिनिटांचं. ‘ब’ने 0 ते 9 मध्ये, काम 5 मिनिटांचं. ‘ब’ आधी गेला तर लवकरात लवकर 5 ला बाहेर येईल. तोवर ‘अ’ची वेळ टळली. म्हणजे ‘अ’च आधी. मग ‘ब’ 6 च्या आधी नाही, ‘अ’ 3 च्या नंतर नाही. बघा, 50 जोड्यांच्या 16 उरल्या, आणि शोध अजून सुरूही झालेला नाही!

हा विचार ‘प्रोपगेट’ फंक्शनमध्ये जातो. शोधात गेकोड सगळ्या स्थितीची प्रत काढतं, म्हणून ‘कॉपी’ही लिहावं लागतं.

पथ्यं दोन. बरोबर उत्तर खोडायचं नाही. सगळ्या किमती ठरल्यावर चुकीचं उत्तर सोडायचं नाही. पहिलं मोडलं तर होणारं काम ‘अशक्य’ ठरतं. दुसरं मोडलं तर हात एकमेकांवर आदळतात. म्हणून आधी त्या 50 जोड्या एकेक करून तपासायच्या, चालणाऱ्या 10 सापडतात का बघायचं, आणि मगच साइटवर जायचं.