महासाथ आणि विद्यापीठीय अध्यापन

महासाथ आणि विद्यापीठीय अध्यापन : सांसर्गिक रोगाची साथ एकाच काळात अनेक देशांत वा खंडांत पसरली म्हणजे तीस महासाथ असे म्हणतात. अशा काळात विद्यापीठांतील अध्यापन, परीक्षा, संशोधन व विद्यार्थिजीवन यांवर होणाऱ्या परिणामांचा आणि त्यांवर योजण्यात आलेल्या उपायांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. विद्यापीठ ही मूलतः सहवासावर उभी असलेली संस्था होय. व्याख्यानकक्ष, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, भोजनगृह या सर्व ठिकाणी दूरदूरच्या प्रदेशांतून आलेली तरुण माणसे एकत्र येतात. ज्ञानाची देवघेव ज्या सहवासामुळे होते, त्याच सहवासामुळे रोगाचा प्रसारही होतो. त्यामुळे महासाथीच्या काळात विद्यापीठांपुढे सामान्यतः तीन मार्ग असतात : विद्यार्थ्यांना पांगवून अध्यापन स्थगित करणे, ते अन्य माध्यमाने चालू ठेवणे, आणि आपले ज्ञान व मनुष्यबळ साथीच्या निवारणास उपलब्ध करून देणे. पहिला मार्ग प्राचीन असून दुसरा प्रामुख्याने एकविसाव्या शतकात प्रशस्त झाला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : यूरोपात १३४७ ते १३५१ या काळात पसरलेल्या प्लेगच्या महासाथीस ‘काळा मृत्यू’ असे नाव आहे. या साथीची कारणे शोधण्याचे काम फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक विद्याशाखेकडे सोपविले. तेथील पंडितांनी १३४८ मध्ये सादर केलेल्या अहवालात मार्च १३४५ मध्ये कुंभ राशीत झालेली शनी, गुरू व मंगळ यांची युती हे साथीचे मूळ कारण सांगितले व तीमुळे हवा दूषित झाली, असे प्रतिपादन केले. हा निष्कर्ष आज ग्राह्य नसला, तरी संकटकाळात राज्यसत्तेने विद्यापीठाचा सल्ला घेतल्याचे ते एक आरंभीचे उदाहरण आहे. साथीत धर्मोपदेशकांचा मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाल्याने सुशिक्षित माणसांची उणीव भासू लागली. ती भरून काढण्याच्या हेतूने नॉरिचचा बिशप विल्यम बेटमन याने केंब्रिज येथे १३५० मध्ये ट्रिनिटी हॉलची स्थापना केली. तेथेच १३५२ मध्ये नगरातील व्यावसायिक संघांनी कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालय स्थापिले.

पुढील तीन शतकांत प्लेग पुनःपुन्हा उद्‌भवत राहिला. इंग्लंडमधील १६६५ च्या साथीत केंब्रिज विद्यापीठातील अध्यापन बंद पडले व विद्यार्थी आपापल्या गावी गेले. त्याच वर्षी पदवी मिळविलेला आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) वूल्झथॉर्प या आपल्या गावी परतला आणि मधला अल्प काळ वगळता १६६७ च्या वसंत ऋतूपर्यंत तेथेच राहिला. या काळात त्याने कलनशास्त्र, प्रकाश व गुरुत्वाकर्षण यांविषयी मूलगामी चिंतन केले. या घटनेवरून सक्तीचा एकांतवास विद्येस पोषक असतो, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तथापि तो सर्वस्वी यथार्थ नाही. न्यूटनने त्यापूर्वीच केंब्रिजमध्ये गणिताचे सखोल वाचन केले होते, निर्वाहाची चिंता त्यास नव्हती आणि गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत परिपूर्ण होण्यास पुढे सु. वीस वर्षे लागली. शिवाय त्याच वेळी पांगलेल्या इतर असंख्य विद्यार्थ्यांची अशी कोणतीही कामगिरी इतिहासात नमूद नाही. अपवादावरून नियम सिद्ध होत नाही, हे या उदाहरणाच्या संदर्भात ध्यानी घेणे आवश्यक ठरते.

भारतात १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्‌भव झाला. गोव्याशी संबंध असलेले डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. त्याच वर्षी मुंबईस आलेले सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. या साथीच्या निमित्ताने १८९७ मध्ये संमत झालेला साथरोग अधिनियम पुढे सव्वाशे वर्षे टिकून राहिला आणि २०२० मध्ये शैक्षणिक संस्था बंद करताना त्याचाच आधार घेण्यात आला. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत अमेरिकेतील विद्यापीठे युद्धसज्जतेत गुंतली होती. विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्याची योजना पाचशेहून अधिक महाविद्यालयांत ऑक्टोबर १९१८ मध्ये, म्हणजे साथ ऐन भरात असताना, सुरू झाली आणि बराकीतील दाटीवाटीमुळे संसर्गास अनुकूल परिस्थिती निर्माण झाली. हाँगकाँगमध्ये २००३ साली सार्स रोगाच्या साथीत विद्यापीठांचे वर्ग स्थगित करण्यात आले. तेथील एका अध्यापन रुग्णालयात वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही संसर्ग झाला होता.

कोविड-१९ ची महासाथ : जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे सांगितले. भारतात आढळलेली पहिली रुग्ण ही चीनमधील वूहान येथे शिकणारी व केरळात परतलेली वैद्यकीय विद्यार्थिनी होती (३० जानेवारी २०२०). फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत वूहानहून विमानाने मायदेशी आणलेल्या सु. साडेसहाशे भारतीयांतही विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. विद्यापीठीय शिक्षण किती आंतरराष्ट्रीय बनले आहे, हे साथीच्या आरंभीच अशा रीतीने स्पष्ट झाले. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने ६ मार्च रोजी प्रत्यक्ष वर्ग थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. हार्व्हर्ड विद्यापीठाने १० मार्च रोजी तोच मार्ग अनुसरून विद्यार्थ्यांना पाच दिवसांत वसतिगृहे सोडण्यास सांगितले. युनेस्कोच्या अंदाजानुसार एप्रिल २०२० मध्ये जगातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांची दारे बंद होती. त्यांपैकी उच्च शिक्षण घेणारे सु. २२ कोटी होते.

महाराष्ट्रात महाविद्यालये मार्च २०२० च्या मध्यास बंद झाली व २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. राज्यातील महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने उघडण्याची परवानगी मिळाली; परंतु दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद करावी लागली. लसीकरण पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी २० ऑक्टोबर २०२१ पासून वर्ग सुरू झाले. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन या विषाणूप्रकारामुळे पुन्हा खंड पडला व फेब्रुवारीपासून अध्यापन हळूहळू पूर्वपदावर आले. म्हणजे २०२० साली प्रवेश घेतलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाचा जवळजवळ निम्मा काळ महाविद्यालयाबाहेर काढला.

अध्यापनाचे माध्यम : प्रत्यक्ष अध्यापनाची जागा या काळात आंतरजालावरील वर्गांनी घेतली. झूम, गूगल मीट इ. दृक्‌श्राव्य संपर्काची साधने मूलतः कार्यालयीन बैठकांसाठी निर्माण झालेली होती. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवरील बैठकांत प्रतिदिनी जास्तीत जास्त सु. १ कोटी सहभाग नोंदला जाई, तो एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला. भारतात या माध्यमाची पूर्वपीठिका काही अंशी तयार होती. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) व नासिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांना दूरशिक्षणाचा अनुभव होता. ‘स्वयम्’ हा आंतरजालीय अभ्यासक्रमांचा शासकीय मंच आणि ‘स्वयम् प्रभा’ या ३२ शैक्षणिक दूरचित्रवाहिन्या २०१७ पासून चालू होत्या.

दूरशिक्षण आणि आपत्काळातील दूरस्थ अध्यापन यांत मात्र मूलभूत भेद आहे. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम, पाठ्यसामग्री व मूल्यमापन यांची आखणी आधीच विद्यार्थी दूर राहणार हे गृहीत धरून केलेली असते. आपत्काळात मात्र वर्गासाठी आखलेले व्याख्यान जसेच्या तसे पडद्यावर आणले गेले. त्यात विद्यार्थ्यांच्या मुद्रेवरून आकलनाचा अदमास घेणे, फळ्यावर टप्प्याटप्प्याने सिद्धता मांडणे, शंका तत्काळ विचारणे या गोष्टी दुरापास्त झाल्या. विद्यार्थ्यांची चित्रे बंद व ध्वनी मूक असलेल्या पडद्याशी बोलत राहण्याचा अनुभव असंख्य अध्यापकांनी घेतला. गणित, भाषा, सामाजिक शास्त्रे यांचे अध्यापन या पद्धतीने कसेबसे होऊ शकले. परंतु रसायनशास्त्रातील प्रयोग, शरीरविच्छेदन, यंत्रशाळेतील काम, भूशास्त्रीय क्षेत्रभेट, संगीत व नाट्य यांचे शिक्षण पडद्यावरून देण्यास मर्यादा पडल्या. संगणकीय आभासी प्रयोगशाळांचा उपयोग तत्त्व समजण्यास होतो. हाताचे कौशल्य मात्र त्यांतून येत नाही. दुसऱ्या बाजूस, ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान पुनःपुन्हा ऐकण्याची सोय, अन्य विद्यापीठांतील तज्ञांची व्याख्याने व प्रवासाचा वाचलेला वेळ हे लाभही नाकारता येत नाहीत.

साधनांची विषमता : राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४·४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता व १४·९ टक्के कुटुंबांना आंतरजालाची सुविधा उपलब्ध होती. नागरी भागात हे प्रमाण अनुक्रमे २३·४ व ४२ टक्के होते. टाळेबंदीत गावी परतलेल्या विद्यार्थ्यांची अडचण यांवरून कळून येते. घरात एकच भ्रमणध्वनी व त्यावर शिकणारी दोन-तीन भावंडे, संदेशलहरींसाठी टेकडीवर वा रस्त्याच्या कडेला जाऊन बसणे, वडिलांचा रोजगार बुडाल्याने शेतीच्या किंवा मजुरीच्या कामास लागणे ही चित्रे सर्वत्र दिसली. मुलींवर घरकामाचा भार पडला आणि काहींचे विवाह शिक्षण अपुरे असतानाच उरकण्यात आले. वसतिगृह ही केवळ निवासाची सोय नसून गरीब विद्यार्थ्यास अभ्यासासाठी जागा, प्रकाश, ग्रंथ व दोन वेळचे अन्न पुरविणारी व्यवस्था असते, ही गोष्ट ती बंद पडल्यावर ठळकपणे प्रत्ययास आली. वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांतील जी विषमता वर्गाच्या चार भिंती काही काळापुरती झाकत असत, ती पडद्यावरील अध्यापनाने उघडी पाडली.

परीक्षांचा प्रश्न : या काळातील सर्वांत मोठा वाद परीक्षांविषयी झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत मधल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत मूल्यमापन व मागील सत्रातील गुण यांच्या आधारे पुढील वर्गात घालण्याची मुभा दिली. अंतिम वर्षाच्या परीक्षा मात्र सप्टेंबर २०२० अखेरपर्यंत घेणे ६ जुलैच्या सुधारित तत्त्वांनुसार अनिवार्य ठरविले. महाराष्ट्र शासनाने संसर्गाची तीव्रता लक्षात घेऊन अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचा निर्णय जूनमध्येच घेतला होता. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी आयोगाची तत्त्वे वैध ठरविली; आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्ये परीक्षा लांबणीवर टाकू शकतील व त्यासाठी आयोगाकडे मुदतवाढ मागू शकतील, परंतु परीक्षेविना पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. या वादात विद्यार्थ्याच्या जीविताचे रक्षण व पदवीची विश्वसनीयता ही दोन्ही मूल्ये परस्परांसमोर उभी ठाकली होती. दोहोंपैकी एकही गौण म्हणता येण्यासारखे नव्हते.

निर्णयानंतर महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी ऑक्टोबर २०२० मध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपाने बहुतांशी आंतरजालावर परीक्षा घेतल्या. संगणकयंत्रणा कोलमडणे, उत्तरे नोंदली न जाणे, फेरपरीक्षा घ्यावी लागणे अशा अडचणी उद्‌भवल्या. पर्यवेक्षणाच्या अभावी गैरप्रकारांस वाव मिळाला, तर चित्रग्राहकाद्वारे घरातील विद्यार्थ्यावर पाळत ठेवणाऱ्या पद्धतींमुळे खाजगीपणाचा प्रश्न निर्माण झाला. या काळात पदवी घेतलेल्यांना ‘कोविडची तुकडी’ म्हणून हिणविले गेले. ज्या परिस्थितीवर त्यांचे काहीच नियंत्रण नव्हते, तिचा कलंक त्यांना सोसावा लागला.

परदेशस्थ विद्यार्थी : मायदेशी परतण्याची साधने बंद झाल्याने परदेशांत शिकणारे अनेक भारतीय, आणि त्यांतील मराठी विद्यार्थीही, वसतिगृहांत अडकून पडले. ज्यांचे सर्व वर्ग आंतरजालावर आहेत, अशा परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा, असा आदेश अमेरिकेच्या शासनाने ६ जुलै २०२० रोजी काढला. हार्व्हर्ड विद्यापीठ व मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्था यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतल्यावर १४ जुलै रोजी तो मागे घेण्यात आला.

संशोधन व सेवा : विद्यापीठांनी साथीच्या निवारणास महत्त्वाचा हातभार लावला. जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठाने २२ जानेवारी २०२० पासून मार्च २०२३ पर्यंत रुग्णसंख्येचा जागतिक तक्ता सर्वांना खुला ठेवला. ऑक्सफर्ड विद्यापीठात सिद्ध झालेल्या लसीचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्हिशील्ड’ या नावाने केले. भारतातील लसीकरणात (आरंभ १६ जानेवारी २०२१) तिचा वाटा सर्वाधिक होता. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हेही ऑक्सफर्डच्या चाचणीतूनच जून २०२० मध्ये सिद्ध झाले. इटलीत नव्या वैद्यकीय पदवीधरांना अंतिम अर्हतापरीक्षेविना सेवेत घेण्यात आले. भारतात मे २०२१ मध्ये वैद्यकाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांच्या देखरेखीचे काम अध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली सोपविण्याचा निर्णय झाला. अनेक महाविद्यालयांच्या वसतिगृहांचे विलगीकरण केंद्रांत रूपांतर करण्यात आले. याउलट साथीशी संबंध नसलेले प्रयोगशाळांतील व क्षेत्रीय संशोधन रखडले आणि प्रबंध सादर करण्यास वेळोवेळी मुदतवाढ द्यावी लागली.

परिणाम व मूल्यमापन : महासाथीमुळे उच्च शिक्षणाकडील ओढ ओसरली नाही. भारतातील उच्च शिक्षणाची विद्यार्थिसंख्या २०१९-२० मध्ये सु. ३·८५ कोटी होती, ती २०२०-२१ मध्ये सु. ४·१४ कोटी झाली. आंतरजालीय शिक्षणास कायमचे स्थान मिळाले. २०२१ च्या विनियमांन्वये एखाद्या अभ्यासक्रमातील एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ मंचावरून घेण्याची मुभा देण्यात आली. पूर्वी ही मर्यादा २० टक्के होती. चर्चासत्रे, प्रबंधाच्या मौखिक परीक्षा व निवडसमित्यांच्या बैठकी दूरस्थ पद्धतीने घेण्याचा प्रघात साथीनंतरही चालू राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ विषयीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी समाप्त झाल्याचे जाहीर केले. तोपर्यंत विद्यापीठांचे दैनंदिन जीवन बहुतांशी पूर्ववत झाले होते. सतराव्या शतकातील केंब्रिज व एकविसाव्या शतकातील महाराष्ट्र यांची तुलना करता असे दिसते, की व्याख्यान दूरवर पोहोचविण्याची समस्या विज्ञानाने बरीचशी सोडविली आहे. परंतु विद्यापीठीय शिक्षण केवळ व्याख्यानांतून घडत नाही. ते ग्रंथालयातील शांततेत, प्रयोगशाळेतील चुकांत, वसतिगृहातील रात्रीच्या वादांत व अध्यापकाशी जाता-येता होणाऱ्या संभाषणातही घडत असते. या भागाला पर्याय अद्याप सापडलेला नाही. भावी साथींची पूर्वतयारी करताना पर्यायी माध्यमांबरोबरच विद्यार्थ्यांना साधने, आर्थिक साहाय्य व मानसिक आधार पुरविण्याची, आणि ज्यांना घरी अभ्यास करणे अशक्य आहे त्यांच्यासाठी वसतिगृहांचा काही भाग सुरक्षितपणे उघडा ठेवण्याची व्यवस्था करणे अगत्याचे आहे.