पिट्युटरी ग्रंथीची गाठ : नाकातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया

‘गाठ डोक्यात आणि ऑपरेशन नाकातून?’ हा बहुतेक नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी, नाकामागच्या हवेच्या पोकळीला लागून असते. त्यामुळे कवटी न उघडता, मेंदू बाजूला न सारता नाकातून तिथे पोहोचता येते.

शस्त्रक्रिया कोणाला लागते?
या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. पण गाठ वर वाढली की डोळ्यांच्या नसांवर दाब येतो आणि दोन्ही कडांचे दिसणे कमी होते. चालताना दाराच्या चौकटीला धक्का लागतो, बाजूने येणारे वाहन दिसत नाही. अशा वेळी उशीर केल्यास गेलेली नजर पूर्ण परत येईलच असे नाही. काही गाठी जास्त हार्मोन तयार करतात. त्यांनाही अनेकदा शस्त्रक्रिया लागते. मात्र प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठीवर आधी गोळ्याच देतात. लहान, त्रास न देणाऱ्या गाठीवर एमआरआयने लक्ष ठेवता येते.

शस्त्रक्रिया कशी होते?
पूर्ण भूल देऊन, साधारण ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत नेतात. पातळ हाड उघडून गाठ तुकड्यातुकड्याने काढतात. गरज पडल्यास मांडीतील किंवा पोटावरील चरबीने जागा बंद करतात. चेहऱ्यावर टाका नसतो.

घरी गेल्यावर
डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरू नका, जड उचलू नका, शौचाला जोर करू नका. शिंक आली तर तोंड उघडे ठेवा. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर स्वतःहून बंद करू नका. ते जिवावर बेतू शकते.

पुढीलपैकी काहीही झाल्यास लगेच रुग्णालयात या :
• वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा द्रव टपकणे किंवा घशात खारट चव येणे (हे मेंदूभोवतीचे पाणी असू शकते)
• ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे
• नजर अचानक कमी होणे
• नाकातून न थांबणारा रक्तस्राव
• खूप तहान आणि सतत भरपूर लघवी
• पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, सुस्ती, गोंधळल्यासारखे होणे (रक्तातील सोडियम घटल्याची शक्यता)

गाठ निघाली तरी हार्मोनच्या तपासण्या आणि एमआरआय ठरल्या वेळी करावेच लागतात. बरे वाटते म्हणून ते टाळू नका.