त्वचालेपांच्या वेष्टनावरील शब्द : एक अर्थविचार

दुकानात त्वचेसाठी लेप निवडणारा ग्राहक वस्तुतः शब्दांची निवड करीत असतो. डबीतील द्रव्याची पारख त्याला करता येत नाही, वेष्टनावरील विशेषणे तेवढी वाचता येतात. त्वचा निरोगी असल्यास अर्थ चुकल्याने फारसे बिघडत नाही. ती नाजूक वा दाहयुक्त असल्यास मात्र त्या चुकीचे फळ अक्षरशः अंगावर उठते. म्हणून अशा काही शब्दांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘हायपोअलर्जेनिक’ हा शब्द घेऊ. ‘हायपो’ या ग्रीक उपसर्गाचा अर्थ ‘खाली’ किंवा ‘उणे’ असा आहे. अर्थात हा शब्द न्यूनतावाचक आहे, अभाववाचक नव्हे. आणि न्यूनता कशाच्या तुलनेने, हे तो सांगत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली या शब्दाच्या वापरासाठी चाचण्यांचे बंधन घातले होते. १९७७ साली तेथील अपील न्यायालयाने ते रद्द ठरविले.

‘अनसेंटेड’ व ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ या दोहोंसाठी आपण ‘सुगंधरहित’ हा एकच शब्द योजतो. परंतु पहिला शब्द नाकाच्या अनुभवाविषयी आहे, दुसरा घटकांविषयी. मूळ वास झाकण्यासाठी गंधद्रव्य घातलेला लेपही ‘अनसेंटेड’ म्हणविला जातो. नाजूक त्वचेच्या मनुष्याने दुसरा शब्द शोधावा, आणि तोही घटकांच्या यादीशी ताडून पाहावा.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा विरोधी शब्द ‘कृत्रिम’ हा होय, ‘अपायकारक’ नव्हे. बिब्ब्याचे तेल पूर्णतः नैसर्गिक आहे. ते त्वचेवर फोड आणते, हे कोणासही सांगावयास नको.

विशेषणांपेक्षा नामे अधिक विश्वसनीय आहेत. ‘मलम’ हा अरबी ‘मरहम’वरून आलेला शब्द, त्यात तेलाचा अंश प्रधान, लोशनमध्ये पाण्याचा, आणि क्रीम या दोहोंच्या मध्ये. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेस मलम अधिक मानवते. केसाळ वा विस्तृत भागावर लोशन सोयीचे. कॅलामाइन लोशन खाज शमविते, पण त्वचा कोरडी करते. जेथे पाणी आहे तेथे परिरक्षक द्रव्य बहुधा लागतेच. त्यांपैकी मेथिलआयसोथायझोलिनोन हे द्रव्य, लावून न धुण्याच्या प्रसाधनांत वापरण्यास युरोपीय संघाने २०१७ पासून मनाई केली. निव्वळ पेट्रोलियम जेलीत पाणी नसल्यामुळे परिरक्षकाची गरज नसते.

त्रासाचे वर्णन करणारे आपले शब्दही निवडीस साह्य करतात. लेप लावताच ‘चुरचुरते’ किंवा ‘आग होते’, तेव्हा बहुधा त्वचेच्या वरच्या थरास पोहोचलेली इजा त्यास कारण असते. एकदोन दिवसांनी ‘खाज सुटून पुरळ उठते’, तेव्हा ॲलर्जीची शंका घ्यावी. तो लेप वर्ज्य करणेच योग्य.

नवा लेप कोपराच्या आतील बाजूस, एकाच लहान जागी, आठवडाभर रोज दोनदा लावून पाहावा, आणि मगच अन्यत्र वापरावा. त्वचा स्रवत असेल किंवा दाह हटत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. वेष्टनावरील विशेषण हे विक्रेत्याचे विधान असते. घटकांची यादी व आपली त्वचा यांची साक्ष काढल्याशिवाय ते स्वीकारू नये.